तळे सर्वांचे, फलक कुणाचा?

जून महिन्याचा पहिला पंधरवडा सुरू झाला की महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्गाच्या दुतर्फा फलकांचे पीक तरारून येते. कोठे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, कोठे मोफत वह्यावाटप, कोठे नेत्रतपासणी व चष्मेवाटप, तर कोठे ‘विविध शासकीय दाखल्यांचे भव्य वितरण’. श्रावण लागला की दहीहंडी, गणपतीच्या तोंडावर मुंबईच्या चाकरमान्यांसाठी मोफत गाड्या, नवरात्रात गरबा, संक्रांतीला हळदीकुंकू आणि वाण, थंडीच्या दिवसांत क्रिकेट-कबड्डीचे सामने. बारा महिन्यांचे हे पंचांग ठरून गेले आहे. फलकाच्या मध्यभागी एक हसरी मुद्रा, भोवती डझनभर लहान मुद्रा आणि खाली ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’, ‘यांच्या सौजन्याने’. पक्षाचा रंग पालटतो, मुद्रा पालटते. फलकाचा मायना मात्र तसूभरही पालटत नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख कोणा एका व्यक्तीवर वा पक्षावर शरसंधान करण्यासाठी लिहिलेला नाही. महाड मतदारसंघाने २००९ पासून सलग चार वेळा श्री. भरत गोगावले यांना विधानसभेत पाठविले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा राज्य मंत्रिमंडळात समावेश झाला. त्यांच्या आधी अन्य पक्षांचे आमदारही येथून निवडून गेले. परंतु फलकांची ही रीत महाडपुरती नाही. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत सर्वत्र तीच आहे. महाड-पोलादपूरचे उदाहरण येथे घ्यायचे ते अशासाठी की, सार्वजनिक साधनसंपत्ती म्हणजे काय आणि तिच्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न साऱ्या देशाने ज्या भूमीवर ऐकला ती ही भूमी आहे. जेथे तळ्याच्या पाण्यासाठी इतिहास घडला, तेथेच आज सार्वजनिक सोय ही कोणाची तरी मेहेरबानी मानली जात असेल, तर त्याची बोच आपल्याला लागलीच पाहिजे.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर आपण तुळशीपत्र ठेवायचे आणि दानाचे पुण्य पदरात पाडून घ्यायचे. आमदार निधीच्या कामांवर झळकणारे फलक पाहिले की ही म्हण आठवल्यावाचून राहात नाही.

मुळात हा निधी काय आहे? खासदारांसाठी स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. राज्यांत आमदारांसाठी तशाच योजना आहेत. महाराष्ट्रात आमदाराचा वार्षिक निधी वाढत वाढत २०२२ मध्ये पाच कोटी रुपये झाला. हा पैसा आमदाराच्या खिशातला नाही, इतकेच नव्हे, तो त्याच्या हातीही येत नाही. आमदाराने काम सुचवायचे, जिल्हाधिकाऱ्यांनी मान्यता द्यायची, शासकीय यंत्रणेने ते करायचे आणि देयक सरकारी तिजोरीतून जायचे, अशी ही व्यवस्था. म्हणजे आमदाराचा वाटा शिफारशीच्या पत्रापुरता. मग समाजमंदिराच्या भिंतीवर, पाणपोईवर, बसथांब्याच्या छपरावर हातभर अक्षरांत जे नाव रंगवले जाते, ते कोणत्या न्यायाने? तेथे नाव द्यायचेच असेल तर ते करदात्याचे असावयास हवे.

आता थोडा हिशेब करू. महाड मतदारसंघात मतदारांची संख्या तीन लाखांच्या आसपास आहे. पाच कोटींना तीन लाखांनी भागले तर दर मतदारामागे वर्षाला सुमारे १६६ रुपये पडतात. दुसरीकडे राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा होता. राज्याची लोकसंख्या तेरा कोटी धरली तरी दरडोई पन्नास हजारांहून अधिक. या पन्नास हजारांचे काय व्हावे, यावर विधानसभेत बोलण्याचा, कपात सूचना मांडण्याचा, तारांकित प्रश्न व लक्षवेधी देण्याचा आणि शेवटी मत देण्याचा अधिकार ज्याला आपण दिला, तोच आपला आमदार. आणि आपण त्याचा हिशेब मागतो तो १६६ रुपयांचा! पन्नास हजारांच्या व्यवहारात आपला प्रतिनिधी काय बोलला, किती प्रश्न विचारले, कोणत्या मागणीवर गप्प बसला, याची विचारपूस गावच्या पारावर होत नाही. बसथांब्याचे छप्पर मात्र सर्वांना दिसते. दृष्टी आड करण्याची ही करामत आहे आणि आपण तिला आपखुशीने बळी पडलो आहोत.

ही शंका केवळ आमचीच नाही. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान समीक्षा आयोगाने २००२ मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये, असे निधी बंद करावेत अशीच शिफारस केली होती. कायदे करणाराच कामे वाटू लागला, तर कामांवर देखरेख कोण ठेवणार, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधी घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, हेही खरे. परंतु घटनाबाह्य नसणे वेगळे आणि इष्ट असणे वेगळे. बिहारने २०१० मध्ये आमदार निधी रद्द करून दाखविला होता. निधी ठेवायचाच असेल तर तो निदान ज्याचा आहे त्याच्या नावाने खर्च व्हावा, एवढी तरी अपेक्षा बाळगण्यास हरकत नसावी.

ज्याच्या ठरावाने तळे खुले झाले

महाडच्या इतिहासाकडे वळायचे ते याच कारणासाठी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. हा ठराव आजच्या आमदारांनी आणि त्यांच्या स्वीय सहायकांनी एकदा बारकाईने वाचावा असा आहे. बोले यांनी कोणाला घागर वाटली नाही. एखाद्या वस्तीत स्वतःच्या नावाची विहीर खोदून तिच्यावर फलकही लावला नाही. ‘सार्वजनिक पैशातून जे उभे राहिले ते सर्वांचे’ हे तत्त्व त्यांनी विधिमंडळाकडून मान्य करून घेतले. विधिमंडळाच्या सदस्याचे काम म्हणतात ते हे.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. आणि पुढे? पुढे काहीच झाले नाही. ठराव कागदावर राहिला, तळे होते तसे बंद राहिले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोले यांनी पुन्हा विधिमंडळात उभे राहून, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव आणला. आपल्या शब्दाचे पुढे काय झाले याचा तीन वर्षांनी पाठपुरावा करणारा आणि तिजोरीची किल्ली योग्य जागी फिरवू पाहणारा हा लोकप्रतिनिधी होता.

तरीही तळे ठरावाने उघडले नाही. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तेही गावाच्या मध्यभागी भरलेले तळे असताना! २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समुदायाला घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील सहकारी त्या लढ्यात त्यांच्याबरोबर होते. त्यानंतर महाडात जे झाले, मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्याचा करंटेपणा झाला, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, तो हिंदू समाजाच्या अंतःकरणावरचा डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात लढविला गेला आणि तो निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला.

या दहा वर्षांच्या हकिगतीचे सार काय? सार्वजनिक साधन सर्वांपर्यंत पोहोचायचे तर दोन गोष्टी लागतात : विधिमंडळात नियम घडविणारा प्रतिनिधी आणि तो नियम खरा करण्यासाठी तळ्यापर्यंत चालत जाणारा नागरिक. प्रतिनिधी वाटप करू लागला आणि नागरिक रांगेत उभा राहिला की हे दोघेही आपापल्या कर्तव्यातून मोकळे होतात. मग तळे कागदोपत्री सर्वांचे राहते आणि प्रत्यक्षात ज्याच्या शिफारशीने घागर मिळते त्याचे होते.

पगारपत्रकावरचा निनावी उपकार

दुसरे उदाहरण विठ्ठल सखाराम पागे यांचे. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. त्याचा पुढे विस्तार झाला, १९७२-७३ च्या दुष्काळाने त्याची गरज सिद्ध केली, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये.

या योजनेसाठी पैसा कोणी दिला? आपल्यापैकी जे वाचक पगारदार आहेत त्यांनी आपल्या पगारपत्रकाकडे एकदा पाहावे. दरमहा दोनशे रुपये कापले जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये मुख्यतः याच योजनेसाठी बसविण्यात आला. शहरातल्या कारकुनाने, शिक्षकाने, बँकेतल्या कर्मचाऱ्याने दुष्काळी मुलखातल्या मजुराच्या हाताला काम दिले. ना त्याने त्या मजुराला पाहिले, ना मजुराने त्याला. कोठे सत्कार नाही, कोठे शुभहस्ते नाही. समाज एकमेकांच्या पाठीशी उभा राहतो तो असा. आज याच रोजगार हमी खात्याची धुरा महाडच्या आमदारांवर सोपविली गेली, हा योग विलक्षण आहे. पागे यांचा वारसा त्या खात्याच्या कारभारात दिसावा, अशी अपेक्षा महाडकरांनी बाळगणे गैर ठरणार नाही.

जे फलकावर येत नाही

वह्या आणि चष्मे यांचा राग करण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या झगमगाटात झाकले काय जाते?

२००५ च्या जुलै अखेरीस महाड व पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही नावे त्या वेळी वृत्तपत्रांतून साऱ्या महाराष्ट्राला कळली. सुमारे दोनशे माणसे गेली. त्यानंतर पाहण्या झाल्या, याद्या झाल्या, अहवाल झाले. २०११ मध्ये पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. तो ग्रामसभांपुढे ठेवून लोकांशी बोलावे, असा डॉ. माधव गाडगीळ यांचा आग्रह होता. अहवालातील प्रत्येक मुद्दा मान्य करावा असे नाही. पण डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या वाड्यांना तो वाचून दाखवावा, एवढे तरी व्हायला हवे होते. मग २२ जुलै २०२१ उजाडला. तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे अकरा जण गेले. सावित्री व गांधारीच्या पुराने महाड शहर पाण्यात होते, रस्ते बंद होते, बचाव पथकाला तळियेपर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पहिल्या रात्री चिखल उपसला तो आसपासच्या गावकऱ्यांनी.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर राज्य परिवहनच्या दोन गाड्या. सुमारे चाळीस प्रवासी गेले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एकच जण वाचला, आणि खोल दरीतून मृतदेह वर काढण्यासाठी स्थानिक गिर्यारोहक तरुण दोर बांधून खाली उतरले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातली पाच मजली इमारत कोसळून सोळा जण मृत्युमुखी पडले. ती जुनाट नव्हती, दहा वर्षांच्या आतली होती. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार गेले.

या यादीतील प्रत्येक दुर्घटना कोणा एका आमदाराच्या माथी मारणे हा बाष्कळपणा होईल. पाऊस कोणाच्या हातात नसतो. परंतु पुलाची तपासणी, बांधकाम परवान्याची छाननी, कारखान्यांची सुरक्षा, घाटातले संरक्षक कठडे, वाडीवरचा पर्जन्यमापक आणि वेळेवर मिळणारा इशारा या साऱ्या गोष्टी माणसाच्या हातात असतात. त्यांचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी पाठपुरावा करत नाही. तपासलेल्या पुलाला फीत लावता येत नाही. न कोसळलेल्या इमारतीपुढे नारळ फुटत नाही. ज्या कामाचे छायाचित्र निघत नाही ते काम होत नाही, हा या ‘कार्यक्रमशाही’चा खरा दुष्परिणाम आहे.

मनात आणले तर शासन काय करू शकते, याचा दाखलाही येथेच आहे. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. त्याच महामार्गाचे रुंदीकरण मात्र २०११ पासून दशकाहून अधिक काळ रखडत राहिले. सर्वांची नजर जेथे खिळते तेथे १६५ दिवस, नजर हटली की दशक. नजरेचे महत्त्व यापेक्षा अधिक काय सांगावे!

आणि आपण नजर कशावर खिळवतो? १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली. रायगडचे पालकमंत्रिपद कोणाला, यावरून महाडजवळ महामार्ग अडविला गेला, टायर जळाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. पद कोणाला मिळावे हा वाद राजकारणात होणारच. पण जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरवर अलिबागला असताना, गंभीर रुग्णाला घेऊन मुंबई-पुण्याची वाट धरताना ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्यासाठी हा महामार्ग कोणी किती वेळा अडविला? तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, म्हणून कोणी टायर सोडा, साधी मेणबत्ती तरी पेटविली?

‘पण रात्री धावून कोण येतो?’

या विवेचनावर येणारा आक्षेप आम्हास ठाऊक आहे आणि तो हलका नाही. वाडीतला माणूस म्हणेल, ‘‘तुमचे तत्त्वज्ञान शहरात ठेवा. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली तर आमदारांचा माणूस गाडी घेऊन येतो. दवाखान्यात खाट मिळत नाही तेव्हा त्यांचा फोन जातो. तुमचा नियम तेव्हा कोठे असतो?’’

हे खरे आहे. जो धावून येतो त्याच्याविषयी कृतज्ञ राहणे हा आपला संस्कार आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु कृतज्ञता व्यक्त करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्रश्न विचारला पाहिजे : फोन गेल्याशिवाय खाट का मिळत नाही? राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती आपल्या वाडीपर्यंत किती वेळात येते? ज्याचा फोन लावणारा कोणी नाही, जो ‘आपल्यातला’ नाही, ज्याने मागच्या निवडणुकीत दुसऱ्याचे काम केले, त्याच्या बाळंतिणीचे काय? सार्वजनिक साधन आणि वैयक्तिक मेहेरबानी यांतील भेद येथे आहे. मेहेरबानी ओळख पाहते. साधन ओळख विचारत नाही. चवदार तळ्याचा सारा झगडा याच एका वाक्यासाठी होता.

दाखल्यांच्या शिबिराचेही तसेच. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे. विलंब झाला तर अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. मग उत्पन्नाचा दाखला मंचावर, हार-तुऱ्यांत, ध्वनिक्षेपकाच्या साक्षीने का घ्यावा लागतो? अनुदान थेट बँक खात्यात जमा होते, तरी त्याच्या मंजुरीपत्राचा सोहळा का होतो? दूरच्या वस्तीपर्यंत यंत्रणा गेली तर ते स्वागतार्हच. पण यंत्रणेने कर्तव्य म्हणून जावे, कोणाची वरात म्हणून नव्हे.

उत्सवांविषयीही एक शब्द. महाडच्या वीरेश्वराचा छबिना महाशिवरात्रीला निघतो, गावोगावच्या देवांच्या पालख्या भेटीस येतात. शिमग्याला कोकणातल्या वाडीवाडीतून पालखी फिरते. या उत्सवांत मानकरी असतात, पुरस्कर्ता नसतो. वर्गणी असते, सौजन्य नसते. चाकरमानी मुंबईत ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत महिनोमहिने पैसा जमवतो आणि गावच्या मंदिराचा कळस चढवतो. ही समाजाची स्वतःची ताकद आहे. जेव्हा दहीहंडीचे थर लाखांच्या बक्षिसासाठी आणि हळदीकुंकू वाणाच्या भांड्यासाठी होऊ लागते, तेव्हा उत्सव राहतो, पण समाज त्यातला यजमान न राहता पाहुणा बनतो.

बोट स्वतःकडे

इथवर वाचून समाधानाने मान डोलावणाऱ्या सुजाण वाचकांना आता थोडे अप्रिय सांगायचे आहे. ही कार्यक्रमशाही राजकारण्यांनी आपल्यावर लादलेली नाही. ती आपण मागून घेतली आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या आवारात फरशी हवी, की आपण आमदारांकडे. मंडळाच्या स्मरणिकेला जाहिरात हवी, की आपण आमदारांकडे. मुलाचा प्रवेश, भाच्याची बदली, लग्नाचे निमंत्रण, सारे काही त्याच दारी. लोकप्रतिनिधी लग्नास आला नाही तर आपला अपमान होतो. विधानसभेत आला नाही तर आपल्याला पत्ताही नसतो. सत्यनारायणाला, बारशाला, तेराव्याला हजेरी लावून दमलेल्या माणसाने अर्थसंकल्पाची पुस्तके वाचावीत केव्हा?

आणि कार्यकर्त्यांनीही आरशात पाहावे. २००५ मध्ये आणि २०२१ मध्ये महाडच्या घराघरांतला चिखल उपसायला कितीतरी संस्था-संघटनांचे तरुण फावडी घेऊन आले. त्यांतले अनेक जण नावही न सांगता परत गेले, त्यांना वंदन. पण मदतीच्या पाकिटावर आपले बोधचिन्ह उठून दिसते ना, धान्य घेणाऱ्या माउलीचा चेहरा छायाचित्रात नीट आला ना, याची चिंता करणारेही तेथे होते, आणि ते सर्व दुसऱ्याच संघटनांचे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्या हाताने फलकावर टीका लिहायची, त्या हाताने आधी आपला फलक उतरविला पाहिजे. सेवेला पावती लागली की तिचा व्यापार होतो, मग तो कोणीही करो.

मग करायचे काय?

उपाय नवे नाहीत; ते कायद्यात आहेत, फक्त वापरात नाहीत. पहिला, ग्रामसभा. कायद्याने ती वर्षातून अनेकदा भरलीच पाहिजे. आपल्यापैकी किती जण मागच्या सभेस गेले? चाकरमान्यांनी गणपती-शिमग्याच्या मुक्कामात एक दुपार ग्रामसभेच्या कागदांसाठी काढावी. दुसरा, माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात तो २००२ पासून व देशात २००५ पासून आहे. आपल्या तालुक्यात मागील वर्षी आमदार निधीतून कोणती कामे सुचविली गेली, किती पूर्ण झाली, खर्च किती, एवढे तीन प्रश्न एका अर्जात मावतात. उत्तर आले की ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. तो एकच फलक गावाच्या कामाचा. तिसरा, फलकांचाच बंदोबस्त. मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे आणि साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलक काढण्याचे स्पष्ट आदेश दिले आहेत. विनापरवाना फलक दिसला की लेखी तक्रार करावी. आपल्याच विचारांच्या मंडळींचा असेल तर आधी करावी.

चौथा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण. पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी आपल्या अंगणात येतील तेव्हा काही मागू नये, विचारावे. आमच्या वाडीवरच्या डोंगराची शेवटची पाहणी केव्हा झाली? पावसाळ्याआधी साकव तपासला का? ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ किती दिवस असतो? औद्योगिक वसाहतीतील सुरक्षा तपासणीचे अहवाल आपण पाहिलेत का? मागील अधिवेशनात यांतले काय आपण सभागृहात मांडलेत? हे प्रश्न आदराने, हात जोडून विचारावेत. चांगल्या लोकप्रतिनिधीस ते आवडतील, कारण त्यानिमित्ताने त्यालाही वाटपाच्या जाचातून सुटका मिळेल. ज्याला आवडणार नाहीत, त्याच्याविषयीचा निर्णय मतदाराने घ्यावा.

चवदार तळ्याच्या काठावर उभे राहिले की मनात येते, बोले यांचे नाव आज महाडच्या रस्त्यावर किती जणांना ठाऊक असेल? त्यांनी काहीच वाटले नाही, म्हणून त्यांचा फलक नाही. पण तळ्याच्या पाण्यावर कोणाच्याही ओंजळीला आज मज्जाव नाही. त्यांच्या ठरावाचा आणि त्या ठरावावर विसंबून चालत आलेल्या पावलांचा तो साक्षीदार आहे. लोकप्रतिनिधीने मागे ठेवण्यासारखी याहून मोठी खूण नाही आणि नागरिकाने मागण्यासारखे याहून मोठे काही नाही. बाकी वह्यांची पाने वर्षभरात संपतात आणि फलक पहिल्या वळवाच्या वाऱ्यात फाटून जातात.